आप्पांच्या नावावरचा नकार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बोलायला माणसं नव्हती असं नाही. शाळेत एकत्र डबा खाणाऱ्या बाया आहेत, गल्ली आहे, भाऊ तर एकाच घरात आहे. पण दरवेळी दुसरं काहीतरी काम आधी उरकायचं निघालं. काम काढणं मला जमतं. शाळेचं वेळापत्रक, सहल, कुणाच्या घरचं बारसं, काहीही असो, लोक निर्धास्तपणे माझ्यावर टाकतात. आधी काय, मग काय, हे कागदावर उतरवल्याशिवाय मी हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र मी कधी कागदावर घेतली नाही. आज घेते. नीट क्रमानं सांगता येईल का — माहीत नाही.

माझा धाकटा भाऊ दिनू. त्याच्या मेंदूत पाण्यानं भरलेली एक गाठ आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मला समजावताना हरभऱ्याच्या घाट्याची उपमा दिली होती — वरून पातळ साल, आत पाणी. ती कापून काढता येत नाही, फक्त रिकामी करता येते. कानामागून कातडीखालून एक नळी पोटात सोडलेली आहे, डोक्यातलं जास्तीचं पाणी तिच्यातून खाली उतरतं. मान वळवली की ती नळी दोरीसारखी दिसते. दिनूला ती दिसत नाही. त्याला उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही, आणि डाव्यानं दार उघडं आहे की बंद, एवढाच उजेड कळतो.

कसं झालं म्हणून लोक विचारतात. मी सांगते, वेळेवर योग्य डॉक्टर मिळाला नाही हो. लोक मान हलवतात. आमच्या सीमाभागात हे कुणालाही पटतं.

पण योग्य डॉक्टर मिळाला होता. पहिल्याच फेरीत मिळाला होता.

आधी आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे आमचे वडील. निपाणीत तंबाखूच्या वखारीत वजनाच्या काट्यावर त्यांची हयात गेली. आई दिनूच्या लहानपणीच वारली. आप्पा सीमाचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. कानडीत आलेली नोटीस ते न वाचता शिपायाच्या हातात परत द्यायचे, आणि वर त्याला चहा पाजायचे. दरवर्षी एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, दारावर निषेधाचा काळा झेंडा. ‘आप्पा म्हणजे दगड,’ असं निपाणीत कुणीही सांगितलं असतं. मी काय केलं ते कळायला एवढं ध्यानात ठेवा — त्यांच्या नावावर कुठलाही हट्ट खपून जात होता.

मी बेळगावात मराठी शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. दिनूला शिकायला म्हणून आणलं, तो माझ्याकडंच राहिला, आणि खडेबाजारातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागला. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उचलताना त्याची बोटं बघत राहावीत अशी चालायची. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला त्याचं डोकं दुखू लागलं. सकाळी उठला की दुखायचं, उलटी झाली की उतरायचं. पित्त, म्हणालो आम्ही. मग वाकून काही उचलताना डोळ्यांपुढं क्षणभर अंधार यायला लागला. मग चुका. एका लग्नपत्रिकेत त्यानं वराच्या जागी वधूपित्याचं नाव जुळवलं आणि मालकानं सगळ्यांदेखत सुनावलं, “दिनबा, बापाचंच लगीन लावलंस की रं.” दिनूही हसला. घरी येऊन मला म्हणाला, “आक्का, मला खिळ्याची एकच कड दिसतीया.”

चष्मा बदलला. परत बदलला. शेवटी मी त्याला डोळ्यांच्या एका जाणत्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दिनूच्या डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं, आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवून मला आत बोलावलं. ते कानडी, पण मराठी मोडकंतोडकं का होईना, मन लावून बोलायचे. डोळे चांगले आहेत, म्हणाले, डोळ्यांच्या मागच्या नसा सुजल्यात. डोक्यात दाब वाढतोय. हे माझं काम नाही, मेंदूच्या सर्जनचं आहे. आणि माझ्यासमोर त्यांनी बेंगळूरला ट्रंक कॉल लावला. तिथल्या मोठ्या इस्पितळात त्यांचे गुरू होते. फोन लागेपर्यंत मी तिथंच बसून होते. फोन ठेवून ते म्हणाले, खाट ठेवतायत, सोमवारी दाखल करा. उशीर करू नका, आक्का. नस एकदा वाळली की परत ओली होत नाही.

यात न कळण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. मला सगळं कळलं होतं.

त्याच दुपारी मी निपाणीची बस धरली. आप्पा वखारीतून नुकते आले होते, अंगाला तंबाखूचा वास, नाकाला बांधायचं फडकं अजून गळ्यात. मी सगळं सांगितलं. बेंगळूर म्हणताना मी थांबले. ते भडकतील असं मला वाटलं होतं का? खरं सांगू — ते भडकावेत असं मला वाटत होतं.

आप्पांनी फडकं सोडलं, झटकलं, घडी घातली.

“कवा निघायचं?”

“आप्पा, बेंगळूर म्हणतायत.”

“ऐकलं की. भैरा न्हाय मी अजून.”

“तुम्हाला चालंल?”

“न चालायला काय झालं? मी कानडी बोलतो. वखारीत आलेल्या गाडीवाल्याला काय मराठीत शिव्या देतो व्हय मी?” मग हसू थांबवून म्हणाले, “डोळंच गेलं तर मराठी तरी कशानं वाचंल गं त्यो?”

ते आत गेले आणि खुंटीवरची पिशवी काढून धोतर कोंबायला लागले. दगड म्हणतात तो माणूस. मी उंबऱ्यात उभी. मला भीती वाटत होती, आणि ती दिनूसाठी नव्हती.

आता हे सांगायलाच हवं. त्याआधी काही महिने निपाणीतल्या चौकात सीमाप्रश्नावर बायकांची सभा झाली होती, आणि तीत मी बोलले होते. मी बरी बोलते. त्या दिवशी फार चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, आमचं दुखणंसुद्धा मुंबईला जाईल, औषधाच्या एका बाटलीसाठीही आम्ही बेंगळूरकडं तोंड करणार नाही. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्या मला फार आवडल्या. वर्गात कुणी टाळ्या वाजवत नाही. घरी परत आलं की एक दिवा, एक चूल, आणि उद्याच्या कामांची यादी. त्या दिवसानंतर लोक मला रस्त्यात थांबवून बोलायला लागले होते. ‘बाई’ नाही, ‘आक्का’ म्हणायला लागले होते.

आणि कमळाक्का. आमच्या गल्लीतली. तिचा मुलगा बेंगळूरच्या कारखान्यात नोकरीला लागला. शाळेत हळदीकुंकू होतं, बायकांनी खोली भरलेली, आणि मी तिला विचारलं, “कमळाक्का, आता तुमच्यात पाडवा म्हणायचा की कानडीत उगादी?” सगळ्या हसल्या. तिनं कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला आणि गेली. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, जमलं.

आता दिनूला घेऊन मी बेंगळूरच्या गाडीत बसणार, आणि कमळाक्का दारात उभी राहून बघणार. बस्स. एवढंच होतं. मी माझ्या मनात फार शोधलं, यापेक्षा मोठं काहीतरी सापडेल म्हणून — तत्त्व, भाषा, माती. नाही सापडलं.

मी आप्पांना म्हणाले, तुम्ही थांबा. मी डॉक्टरांना विचारलंय, मुंबईलाही हेच होतं, उलट तिथं जास्त चांगलं. मावसभाऊ आहे तिथं, राहायची सोय होईल. आप्पांनी धोतर हातात तसंच धरलं. “डॉक्टर सोमवार म्हणाला न्हवं?” मी म्हणाले, चार दिवसांनी काही बिघडत नाही. ते म्हणाले, “तू शिकलेली हैस. तुला कळतंय.” आणि पिशवी परत खुंटीला लावली.

हे पहिलं खोटं. दुसरं मी ठरवून बोलले नाही — असं म्हणायचा मोह होतो. दिनूला डॉक्टरांनी निघताना बेंगळूर, सोमवार, हे सांगितलेलं होतं. मी बेळगावात परतले तेव्हा तो कपड्यांच्या घड्या घालून बसला होता. “आक्का, सोमवारी न्हवं?” आणि माझ्या तोंडून आलं, “आप्पा नको म्हणाले.”

त्यानं घड्या घातलेले कपडे परत फळीवर ठेवले. त्यानं शंका घेतली नाही. कोण घेणार होतं? तुम्ही तरी घेतली असती का?

मग मी मुंबईच्या कामाला लागले. अगदी पद्धतशीर. पत्रं, उत्तरं, रजा, मिरजेला गाडी बदलून मुंबई. मोठं सरकारी इस्पितळ. आधी डोळ्यांचा विभाग, तिथून दुसरा, तिथून तिसरा. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं. मेंदूच्या सर्जनचा वार ठरलेला, त्या वारी गर्दी, खाट रिकामी नाही, पुढच्या खेपेला या. आम्ही परत आलो, परत गेलो. आख्खा उन्हाळा गेला. दिनू रांगेत माझ्या खांद्याला धरून उभा राहायचा. एकदा म्हणाला, “बेंगळूरला खाट ठेवलेली व्हती न्हवं?” मी म्हणाले, “आप्पांपुढं कुणाचं चालतंय?” दुसऱ्यांदा बोलताना ते खोटं किती सहज आलं. तिसऱ्यांदा तर मला ते खरंच वाटलं.

एका सकाळी मावसभावाच्या खोलीत त्यानं चहाच्या कपाला हात घातला आणि हात कपाच्या शेजारी गेला. चाचपत राहिला. मी कप त्याच्या बोटांखाली सरकवला. त्या दिवशी मी त्याला सरळ तातडीच्या विभागात नेऊन बसवलं आणि उठायला नकार दिला. म्हणजे तेही करता येत होतं. संध्याकाळी दाखल करून घेतलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. जीव वाचला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, गाठ रिकामी केलीय, पण नसा वाळल्यात, दृष्टी परत येईल असं वाटत नाही. मग विचारलं, “इतके दिवस कुठं होतात?” मी म्हणाले, आमच्या गावाकडं सोय नाही हो. ते चिडले नाहीत. असे लोक त्यांना रोज भेटत असतील.

बेळगावात परतल्यावर आप्पा आले. धोतराच्या सोग्यात शेंगा बांधून आणलेल्या. दिनू कॉटवर बसलेला, डोक्यावर पट्टी.

“कोण?”

“मी रं बाळ.”

“झेंडा लावून आलासा व्हय? लावा. मला काय दिसतोय?”

आप्पांना काही उमगेना. ते जवळ बसले, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दिनूनं तो बाजूला केला.

“तुमची मराठी ऱ्हायली,” तो म्हणाला. “माझं डोळं गेलं. खाट ठेवली व्हती माझ्यासाठनं. तुम्हीच न्हाय म्हणलासा न्हवं बेंगळूरला?”

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं रागाचं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. ते हिशोब जुळवत होते — खुंटीवरची पिशवी, मी काय म्हणाले, तो काय म्हणतोय. जुळला. माझ्या चेहऱ्यावर त्यांना तो दिसला असणार. मी काही बोलेन म्हणून ते थांबले. खरंच थांबले. मी ट्रेमधले कप सरळ करत राहिले.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “मीच न्हाय म्हणलो. चुकलं माझं.”

मी चहा दिला. आप्पांना दिला, दिनूला दिला. साखर बरोबर आहे का, असं विचारलंसुद्धा.

त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. “ऱ्हाऊ दे. त्याला सांगू नगंस. माझ्यावर रागावला तर काय हुतंय, मी निपाणीत. तुझ्यावर रागावला तर त्याला परसाकडं कोण न्हेणार?” बस आली. ते खिडकीपाशी बसले, आणि मला म्हणाले, त्याला शेंगा भाजून दे.

आणि मला — हलकं वाटलं. हे लिहिताना हात अडतो आहे, पण तसंच वाटलं. बापानं सोय करून दिली होती आणि मी ती घेतली. परवानगी मिळाल्यासारखी घेतली. आप्पा म्हणाले म्हणून गप्प राहिले, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. म्हणजे नकार त्यांच्या नावावर घातला होता, आता गप्प बसणंही त्यांच्याच नावावर घातलं.

पुढची वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो. छापखान्याच्या मालकानं दिनूला ठेवून घेतलं, पत्रकांना घड्या घालायला. सकाळी मी त्याला सोडते, संध्याकाळी आणते. औषधाची वेळ चुकत नाही, नळीवरची कातडी लाल झाली का ते बघते. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं, असं लोक त्याच्या तोंडावर बोलतात आणि तो “व्हय” म्हणतो. आम्ही एकमेकांशी भात, भाजी, रिक्षा याबद्दल बोलतो. बाकी काही बोलायला गेलं की मला भीती वाटते की ते त्या सोमवारापाशी जाईल. त्यामुळं घरात शांतता असते. सुट्टीच्या दिवशी तर मी दोनदा फरशी पुसते.

आप्पा येत राहिले, छापखान्याला सुट्टी आणि मला शाळा असेल त्या दिवशी; शेजारणींकडून मला कळायचं. दिनू त्यांच्याशी बोलला नाही. ते येऊन बसायचे, तो भिंतीकडं तोंड करायचा, ते पाणी पिऊन जायचे. मी शाळेतून येईपर्यंत गेलेले असायचे. तांब्या उपडा असायचा.

आप्पा निपाणीत आजारी पडले तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. शेवटच्या घटकेला शेजाऱ्यांनी दिनूच्या हातात पाण्याची वाटी दिली. मुलानं घालायचं असतं. त्यानं वाटी चाचपून खाली ठेवली. म्हणाला, “आक्का घालंल.” आप्पांना ऐकू येत होतं. ओठ हलले नाहीत, पण डोळे उघडे होते, आणि दिनूकडं होते. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर? खोलीत माणसं होती, हे खरं. पण सभेत याच्या कितीतरी पट माणसं होती आणि मला बोलता आलं होतं.

मी वाटी उचलली. पाणी मी घातलं.

नंतर दोन वर्षांनी दिनूची नळी तुंबली. तेच डोकं, तीच उलटी, दिवसभर गुंगी. मी डोळ्यांच्या त्याच डॉक्टरांकडं धावले. ते आता म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं. मागचं काही काढलं नाही, एवढंच विचारलं, “बेंगळूर जाणार?” मी हो म्हणाले. त्यांनी फोन लावला.

गल्लीत कळलं. मी सामान बांधत होते आणि कमळाक्का दारात आली. वाटलं, आता. तिचा टोमणा ऐकायची मला इतकी वर्षं भीती होती. तिनं फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी माझ्यापुढं ठेवली. “परगावचं जेवण पोराला सोसायचं न्हाय. माझा पोरगा ठेसनावर येतोय न्यायला. तुला कानडी बोलाय नगो, त्यो बोलंल.” आणि गेली. रिक्षात बसेपर्यंत मी वाट बघितली. गल्लीत कुणी काही बोललं नाही. आधीही कुणी बोललं नसतं.

तिथल्या इस्पितळात आमची भाषा कुणी विचारली नाही. धारवाडची एक नर्स मराठी समजायची, बाकी कमळाक्काचा मुलगा होताच. डोक्याचा फोटो काढायचं नवीन यंत्र आलं होतं. डॉक्टरांनी फोटोत मला गाठ दाखवली, नखाएवढी, कडा गुळगुळीत. ही राहणार, म्हणाले, हिच्यासोबत जगायचं, नळीवर लक्ष ठेवायचं. नळी बदलली. दिनूचं डोकं दुखायचं थांबलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. वॉर्डात भांड्यांचे आवाज, कुणी तरी कानडीत कुणाला तरी हाका मारत होतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “आप्पा असतं तर ह्या वेळंलाबी हितं येऊ दिलं नसतं, न्हवं आक्का?”

मी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. आप्पा काय म्हणाले होते हे ठाऊक असलेलं जगात माझ्याखेरीज आता कुणीच उरलेलं नव्हतं.

“न्हाय,” मी म्हणाले. “नसतं येऊ दिलं.”